कामाचे कपडे

बेंगळूर,
८ जून १९९४

तीर्थस्वरूप प्रमोदिनी अक्कांना महानंदाचा नमस्कार.

नर्सिंग सुपरिंटेंडेंट म्हणून इथं रुजू झाले त्याला आता सहा महिने होतील. हेब्बाळच्या तलावाच्या पलीकडं आमचं हॉस्पिटल. इमारत नवी आहे, पण लिफ्ट दर दोन दिवसांनी बंद पडते. आज पत्र लिहायला बसले ते त्या लिफ्टमुळंच.

गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना रॅम्पच्या चढावरून, स्ट्रेचर ढकलत वर न्यावं लागलं. भार्गवी पुढं होती. एका हातात सलाईनची बाटली उंच धरलेली, दुसऱ्या हातानं स्ट्रेचर ओढत होती. तिच्या साडीचा काठ पुढच्या चाकात गेला. ती पडली आणि स्ट्रेचरचं चाक तिच्या मनगटावरून गेलं. आजोबांना काही झालं नाही. भार्गवीचं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. हाडाचे डॉक्टर म्हणतात, जुळेल, पण हात पूर्वीसारखा वळणार नाही. लहान मुलांची शीर सापडेना झाली की अख्खं हॉस्पिटल भार्गवीला बोलवायचं, अक्का. तिनं मला एवढंच विचारलं, "सिस्टर, मला आता कुठं बसवणार?"

ट्रस्टींनी काल मला बोलावून सांगितलं की युनिफॉर्म बदलू, तुम्ही सुचवा. मुलींना सलवार-कमीज हवी आहे. तुम्हीच पाठवलेली गंगव्वा, खानापूरच्या कंडक्टर नागनाथांची मुलगी, तेवढी म्हणाली की मला साडीच बरी. बाकीच्यांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

नात्यानं तुम्ही माझ्या आत्या, पण मी कामाला लागले ती तुमच्या हाताखाली शिकून. बेळगावच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून तुम्ही किती मुली घडवल्या. मला तुमचं मत हवं आहे.

तुमची,
महानंदा

---

बेळगाव,
१७ जून १९९४

चि. महानंदा हिस अनेक आशीर्वाद.

भार्गवीचं वाचून वाईट वाटलं. तिला बाह्यरुग्ण विभागात घे, पण टेबलामागं बसवून ठेवू नकोस. शीर कशी शोधायची ते तिला नव्या मुलींना शिकवू दे. हात अधू झाला तरी डोळा आहे.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. साडी काढू नकोस.

तुम्हा मुलींना वाटतं, पांढरी साडी आम्हाला आपोआप मिळाली. मी एकोणीसशे एक्कावन्नला मिशनच्या दवाखान्यात शिकायला गेले तेव्हा आम्हाला फ्रॉक होता. गुडघ्याखाली चार बोटं. पायात लांब मोजे, डोक्यावर टोपी. वसतिगृहातून दवाखान्यात जायचं म्हणजे बाजारातला रस्ता ओलांडायचा. पोरं मागून शिट्ट्या मारत यायची. बायका दारातून बघून आत जायच्या. माझ्या वडिलांनाही ते आवडलं नाही, काही दिवस नाराज होते. घरच्यांनी माझ्याबरोबरच्या तिघींना परत नेलं. त्यांतली एक माझ्यापेक्षा हुशार होती.

आम्ही उरलेल्यांनी मोठ्या सिस्टरना अर्ज केला, पुन्हा केला, पुन्हा केला. सहा वर्षांनी साडी मिळाली. ज्या दिवशी आम्ही पांढऱ्या साडीत बाजारातून गेलो त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईनं मला हाक मारली, "बाई, माझ्या सुनेला बघायला येता का?" त्याआधी तिनं मला कधी बाई म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी चांगल्या घरांतल्या मुली शिकायला येऊ लागल्या.

साडी घोट्याच्या वर नेसायला लाव. पदर कमरेला खोचून पिन लावायला सांग. नव्या ट्रस्टींना खूश करण्यासाठी जुनं मोडू नकोस. तू तशी नाहीस, हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

अक्का

---

बेंगळूर,
३ जुलै १९९४

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

शेवटचं वाक्य मला लागलं. पण रागानं लिहीत नाही.

ट्रस्टींना काय हवं आहे ते ऐका. भगवंतराव आमचे मॅनेजिंग ट्रस्टी. त्यांनी मुंबईहून नमुना मागवला आहे: घट्ट पांढरा स्कर्ट आणि कमरेत चिमटलेला कोट, खिसा नावापुरता. ते म्हणाले, "दारातून आत येणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण चांगल्या ठिकाणी आलो." मी विचारलं, "हे घालून खाली बसून लघवीची पिशवी कशी रिकामी करायची?" ते म्हणाले, "त्याला आया आहेत." आमच्याकडं आया किती आहेत ते त्यांना माहीत नाही.

मुलींना मी जेवणाच्या खोलीत बसवून विचारलं. मग सिद्धी म्हणाली, "सिस्टर, महिन्याचे ते दिवस आले की मी दर तासाला मागं वळून बघते. पांढरं नको." त्यानंतर सगळ्या बोलायला लागल्या. पेशंटला उचलताना पदर त्याच्या तोंडावर येतो. कात्री ठेवायला जागा नाही, म्हणून ती कमरेला बांधतात आणि वाकलं की टोचते. पिना तर आम्ही लावतोच, अक्का. भार्गवीनंही लावली होती. पिन पदराला असते. चाकात काठ गेला.

म्हणून मी ठरवलं आहे की अतिदक्षता विभागातल्या मुलींना आधी दोन महिने नवा पोशाख देऊन बघायचा. फिकट निळं जाड सुती कापड, सरळ सलवार, गुडघ्यापर्यंत सैल कमीज, दोन मोठे खिसे. यशवंतपूरचे नागराज टेलर शिवून देणार आहेत. ते मापं घ्यायला आले तेव्हा मी सिद्धीला खाली बसवून, हात वर करायला लावून मापं घ्यायला लावली. ते मलाही अक्काच म्हणतात. म्हणाले, "अक्का, असं माप मी कधी घेतलं नाही. स्वल्प वेळ लागेल." पण त्यांनी घेतलं.

गंगव्वाही त्याच विभागात आहे. ती घालते एवढंच म्हणाली.

तुमची,
महानंदा

---

बेळगाव,
११ जुलै १९९४

चि. महानंदा हिस आशीर्वाद.

तू ठरवलंच आहेस तर माझं मत कशाला. एकच विचारते. ओढणीचं काय करणार? ओढणी ठेवलीस तर पदरात आणि तिच्यात फरक काय? काढलीस तर या मुली रस्त्यानं कशा जाणार?

गंगव्वाकडं लक्ष ठेव. कमी बोलणारी मुलगी हो म्हणते तेव्हा ती हो म्हणतेच असं नाही.

अक्का

---

बेंगळूर,
१९ सप्टेंबर १९९४

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. पावसाळ्यात तापाचे पेशंट इतके आले की व्हरांड्यात खाटा टाकल्या होत्या.

ओढणी काढली. दुसरा मार्ग नव्हता. कमीजला पुढून दुहेरी कापड लावलं आहे आणि गळा बंद आहे. पहिल्या दिवशी मुलींच्या बरोबर मीही तोच पोशाख घातला. सेहेचाळिसाव्या वर्षी घरातून अर्धवट नेसून निघाल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत विसरले. संध्याकाळी एका बाईला खाटेवर सरकवताना लक्षात आलं की माझे दोन्ही हात मोकळे आहेत.

मुली खूश आहेत. बाकीच्या विभागांतून मागणी येते आहे. भार्गवी तुम्ही सांगितलं तसं शिकवते. नव्या मुलींचा हात धरून शिरेवर ठेवते, हे मला फार बरं वाटतं.

एक मात्र वाईट झालं. गंगव्वा गेली. तिचे वडील मागच्या महिन्यात बेंगळूरला आले होते. माझ्या खोलीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुलीला घेऊन जातो." मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. लग्न ठरलं असावं असं धरून मी जास्त विचारलं नाही. तिची जागा काही दिवस मोकळी ठेवली आहे, पण भगवंतराव महिनाअखेरीपर्यंतच थांबायला तयार आहेत. तिकडं काही कळलं तर कळवा.

तुमची,
महानंदा

---

बेळगाव,
२७ सप्टेंबर १९९४

चि. महानंदा हिस आशीर्वाद.

लग्न वगैरे काही नाही. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गंगव्वा माझ्याकडं आली. शनिवारच्या बाजारासाठी आईबरोबर बेळगावात आली होती. आईला दुकानात बसवून एकटी आली. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तिनं सगळं सांगितलं.

झालं ते असं. नागनाथ युनियनच्या सभेला बेंगळूरला आले होते. मुलीला भेटावं म्हणून दुपारी हॉस्पिटलवर आले. फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर ती मैत्रिणींबरोबर उभी होती, तुमच्या त्या निळ्या पोशाखात, ओढणी नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्यानं काहीतरी म्हटलं आणि दुसरा हसला. ते त्यांनी ऐकलं. मुलीवर ओरडले नाहीत. हॉस्टेलवर जाऊन तिची पेटी उचलली.

परवा मी खानापूरला त्यांच्या घरी गेले. मी म्हटलं, "नागनाथ, तुम्ही खाकी कशाला घालता? धोतर नेसून तिकिटं फाडायला सांगितली तर जमेल का?"

ते म्हणाले, "अक्का, मी पुरुष आहे. आणि तीस वर्षं गाडीत उभा आहे. माणसं बायकांकडं कशी बघतात ते मला कुणी सांगायला नको. माझ्या गाडीत तसं काही दिसलं की मी मध्ये जाऊन उभा राहतो. घंटी मारून एखाद्याला उतरवतो. बेंगळूरला मध्ये कोण उभं राहणार?"

मी चहा पिऊन उठले.

गंगव्वा मला पोचवायला थांब्यापर्यंत आली. वाटेत तिनं सांगितलं, "अक्का, मला साडीच हवी होती. दोन दिवस रडू आलं. तिसऱ्या दिवशी एक माणूस खाटेवरून घसरत होता, मी धावले आणि त्याला धरलं, आणि नंतर लक्षात आलं की मी पदर सावरलाच नाही. वॉर्डात मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती रस्त्यावर. पण कपडे बदलायला जागाच नाही. हॉस्टेलमधून तेच घालून निघायचं आणि तेच घालून परत यायचं."

एवढी साधी गोष्ट. एवढी वर्षं मी मेट्रन होते आणि माझ्या मुलींनीही वसतिगृहातून दवाखान्याचेच कपडे घालून रस्ता ओलांडला. तसा मीही. आतल्या कामाचे कपडे आत आणि रस्त्याचे रस्त्यावर, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

आता जे जूनमध्ये लिहिलं नाही ते लिहिते. वडील काही दिवस नाराज होते असं मी तुला कळवलं. ते खरं नव्हतं. त्यांनी मला एकदा बाजारात त्या फ्रॉकमध्ये पाहिलं. ते समोरून येत होते. मी थांबले. ते माझ्या शेजारून निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी सुट्टीला घरी जायची तेव्हा आईला सांगायचे, "तिला वाढ." पाच वर्षांनी ते गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला साडी मिळाली. ती पहिल्यांदा नेसले तेव्हा सगळ्या मुली हसत होत्या, मी एकटी आत जाऊन बसले.

तुझा पोशाख मला अजून आवडत नाही. पण या मुलीनं काम सोडून घरी बसावं हेही मला नको आणि तिच्या बापानं तिच्याशी बोलणं टाकावं हेही नको. दोन्ही होईल असं काही कर. लवकर कर.

अक्का

---

बेंगळूर,
१४ ऑक्टोबर १९९४

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाजारात काय झालं ते तुम्ही घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या बाबांनाही माहीत नसावं. मी त्यावर काही लिहीत नाही, पण इथं जे केलं ते त्या पत्रामुळं केलं.

गेल्या आठवड्यात सोमवारी ट्रस्टींची सभा होती. भगवंतरावांनी स्कर्टचा ठराव तयारच ठेवला होता. मी सिद्धीला तो नमुना घालून यायला सांगितलं होतं. दुसऱ्या एका मुलीला आपला निळा पोशाख. शिकवण्यासाठी ठेवलेला रबरी पुतळा मी सभेच्या खोलीत जमिनीवर आडवा ठेवला आणि म्हटलं, "हा माणूस आत्ता तुमच्यासमोर कोसळला आहे."

निळ्या पोशाखातली मुलगी गुडघ्यांवर बसून छातीवर दाब द्यायला लागली. मग सिद्धीला सांगितलं. ती बसायला गेली, स्कर्ट अडला. तिनं एका हातानं तो खाली ओढून धरला आणि एकाच हातानं दाब देऊ लागली. खोलीत सहा पुरुष होते. तिनं मान वर केली नाही. कुणी हसलं नाही. भगवंतरावच म्हणाले, "पुरे. उठ बाळ."

नंतर मी खोली मागितली. दार, कडी, आरसा, प्रत्येकीला एक कपाट. ते म्हणाले, "जागा कुठं आहे?" मी म्हटलं, रिसेप्शनजवळ फुलांच्या दुकानासाठी ठेवलेली आहे ती. ते म्हणाले, "तिथं दुकान हवंच." बरीच ओढाताण झाली. मी सांगितलं की माझी एक चांगली नर्स घरी बसली आहे ती कपड्यांमुळं नाही, कपडे बदलायला दार नाही म्हणून. अशा आणखी जातील आणि मी थांबवू शकणार नाही. शेवटी चादरींच्या कोठारामागची खोली मिळाली. लहान आहे, खिडकी उंचावर आहे, पण कडी आतून लागते. पहिल्या दिवशी भार्गवीनं ती डाव्या हातानं लावून बघितली आणि म्हणाली, "सरी आहे, सिस्टर. नीट लागते."

आता मुली आपापल्या कपड्यांत येतात, साडी, ओढणीसकट सलवार-कमीज, जे असेल ते, आत बदलतात, आणि कामाचे कपडे हॉस्पिटलच्या धोब्याकडंच राहतात. रस्त्यावर कुणी निळ्या पोशाखात जात नाही. चहासुद्धा आत मिळेल अशी सोय केली आहे. बाह्यरुग्ण विभागात ज्यांना साडी हवी त्यांना साडी ठेवली आहे. स्ट्रेचर आणि अतिदक्षतेला मात्र निळाच पोशाख, त्यात सूट नाही. भार्गवीकडं पाहिल्यावर मला ती देता येणार नाही.

रिक्षावाल्यांना मी हसणं बंद करायला लावू शकत नाही. नागनाथांना ते सांगा. त्यांचं म्हणणं खोटं नाही, हेही सांगा. गंगव्वाची जागा मी आणखी एक महिना मागून घेतली आहे. पण तिला ओढून आणू नका. तिनं ठरवू दे.

तुमची,
महानंदा

---

बेळगाव,
५ जानेवारी १९९५

चि. महानंदा हिस आशीर्वाद.

गंगव्वा तुझ्याकडं पोचल्याचं तू कळवलंस, पण ती इथून कशी निघाली ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं.

तुझं पत्र मी नागनाथांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ऐकलं आणि "बघू" म्हणाले. आठ दिवस गेले. मग गंगव्वानं स्वतः सांगितलं, "अप्पा, मी जाते. तुम्ही नको म्हणालात तरी जाते. पण नको म्हणू नका." ते नको म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी आई स्टँडवर आली, मी होते. नागनाथांची त्या दिवशी ड्यूटी होती. समोरच्या फलाटावर त्यांची गाडी उभी होती. ते तिकिटं फाडत होते. बेंगळूरची गाडी हलली तेव्हा त्यांनी मान वळवली की नाही, मला दिसलं नाही. गंगव्वा खिडकीतून त्याच बाजूला बघत होती. मला रात्रभर झोप लागली नाही. मला बाजार दिसत होता.

त्यानंतर ती घरी पत्रं पाठवत राहिली. उत्तर आईचं यायचं, शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं. वडिलांचं एक अक्षर नाही.

काल मला खानापूरला जायचं होतं. गाडीत चढले तर नागनाथच. मला पुढची जागा दिली, "बसा अक्का" एवढं म्हणाले. गाडी भरलेली होती. देसूरच्या पुढं एक गृहस्थ चढले, त्यांच्या गावातलेच असावेत. तिकीट घेता घेता ते मोठ्यानं म्हणाले, "काय नागनाथ, तुमची पोरगी बेंगळूरला पँट घालून हिंडते म्हणे?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी पिशवीची दोरी धरून बसले. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनाही कुणीतरी असंच काहीतरी विचारलं असणार, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कधी कळलं नाही.

नागनाथांनी तिकीट फाडलं, सुटे पैसे परत दिले.

"हिंडत नाही," ते म्हणाले. "काम करते. माणसं मरायला टेकतात तिथं काम करते. तिथं तसेच कपडे लागतात." आणि ते पुढच्या माणसाकडं वळले. आवाज चढवला नाही.

खानापूरला मी उतरले तेव्हा ते दारात उभे होते. माझी पिशवी खाली दिली. गाडी सोडायची वेळ झाली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. नागनाथ शिट्टी हातात धरून थांबले.

"अक्का," ते म्हणाले, "संक्रांतीला सुट्टी देतात का हो तिकडं?"

मी म्हटलं, "विचारते."

म्हणून विचारते आहे.

तुझी,
अक्का